पिकअपचा दिवा काही विझेना

पिंप्राळा, जळगाव
चैत्र संपता संपता

आदरणीय झुलालभाऊंना,

रुपचंदचा नमस्कार. खरं तर साष्टांगच घालायचा होता, पण मी खाली गेलो की वर काढायला माणसं लागतात, आणि परवा गाडीखाली गेलो होतो तेव्हा घरच्यांनी ती सेवा एकदा केलेली आहे. तेव्हा हा उभ्यानं केलेलाच गोड मानून घ्यावा. आपली कंबर कशी आहे? वहिनींची साखर उतरली का? ज्योत्स्नाची पोरं सुट्टीला आली असतील, म्हणजे आपल्या दुपारच्या झोपेचं वाटोळं झालेलं असणार. आमच्याकडे सगळे मजेत आहेत. ऊन असं आहे की सकाळी नऊनंतर कुत्रंसुद्धा गल्लीत येत नाही, आणि मी त्याच उन्हात बॉनेट उघडून उभा असतो. बाकी काळजी नसावी.

आता तुम्ही म्हणाल, खिशात फोन असताना हा माणूस कागद कशाला काळा करतोय. तर भाऊ, एक म्हणजे फोनवर सविस्तर बोलणं होत नाही. दुसरं म्हणजे आजकालच्या फोनला आवाजच नसतो. (पूर्वी चोपड्याच्या पोस्टातून तुम्हाला धुळ्याला ट्रंक कॉल लावायचो, तेव्हा आख्ख्या पोस्टाला कळायचं आपल्या केळीला काय भाव चाललाय.) मागल्या आठवड्यात तुमचा फोन आला, तुम्ही ‘बरं, बरं’ म्हणत होतात, मी ‘हो, हो’ म्हणत होतो. फोन ठेवल्यावर प्रमिलानं विचारलं, भाऊ काय म्हणाला, तर मला काही सांगता येईना. म्हटलं, मजेत आहेत. तिनं माझ्याकडे बघितलं नि आत गेली. बायकोचं असं बघणं कसं असतं हे तुम्हाला सांगायला नको, शेवटी ती बहीण तुमचीच आहे.

विषय आपल्या पिकअपचा आहे. आमचा भूपेंद्र ती विकायला निघालाय. चाळीसगावचा कोणी भाजीवाला त्यानं पाहून ठेवलाय, आखाजीचा सण झाला की तो येणार आणि गाडी घेऊन जाणार. कारण काय, तर समोरच्या काट्यांमध्ये तो तेलाचा लाल दिवा लागतो. आपली झारी हो! त्या चित्राला तुम्हीच झारी नाव ठेवलं होतं. गाडी गार असली की दिवा शहाण्यासारखा विझतो, पण शेतावर जाऊन आलो, इंजिन तापलं, गाडी दारात उभी राहून नुसती गुरगुरायला लागली की तो लुकलुक करतो. भूपेंद्र म्हणाला, बाबा, तेलाचा दाब गेला, इंजिन गेलं, आता काढून टाकू. मी म्हटलं, इंजिन गेलं हे ठरवणारा तू कोण? तुझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान, तू विहिरीतल्या मोटारी बघ. दिवा चुकीचा लागतोय, सेन्सर खराब झालाय, तो बदलला की विझेल. तो म्हणाला, ठीक आहे, आखाजीपर्यंत दिवा विझवून दाखवा, गाडी ठेवू. बोलून मोकळा झाला पोरगा, आणि मी शर्टाच्या बाह्या वर केल्या.

झुलालभाऊ, ही गाडी गेली तर माझं काय जाईल हे ह्या घरात कोणाला सांगून कळायचं नाही, तुम्हाला न सांगता कळेल. आपण दोघांनी मिळून ती घेतली त्या दिवशी तुम्ही पहिली काय गोष्ट केलीत, तर टेप काढून टाकायला लावला. शोरूमचा माणूस म्हणत होता, काका, फुकट आहे. तुम्ही म्हणालात, गाडीत गाणं लागलं की गाडी काय म्हणते ते ऐकू येत नाही. मला तेव्हा राग आला होता. (मला गाणी आवडायची, आणि धुळ्यापर्यंत तुमचं तोंड बघत जायचं म्हणजे काही तरी करमणूक हवी होती.) पण वर्षभरात मलाही कान आला. चोपड्याहून घड भरून निघालो, एरंडोल मागं पडलं, काचा खाली, गरम वारा तोंडावर, आणि आपण दोघं गप्प. बोलायची गरजच नसायची. ती एका लयीत म्हणत असायची आणि आपण ऐकत असायचो. कधी टायरातला खडा, कधी ढिला पट्टा, कधी मागं एखादा घड सरकलेला, सगळं कानानं कळायचं. लोकांना वाटायचं, मेहुण्या-मेहुण्यांचं भांडण झालेलं दिसतंय.

आणि पारोळ्याच्या अलीकडचा तो दिवस आठवतो का? मी चालवत होतो, मला काही जाणवलं नव्हतं, आणि तुम्ही एकदम म्हणालात, थांब, हिचा आवाज कोरडा झालाय. मी म्हटलं, भाऊ, उगाच काही तरी. तुम्ही उतरलात, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवलंत, मूठ कानाला लावलीत, आणि हात वर करून मला चावी बंद करायला सांगितलीत. खाली वाकून बघतो तर तेलाच्या चेंबरचा बोल्ट ढिला होऊन तेल रस्ताभर सांडत आलेलं. तेव्हाही तो दिवा होताच की समोर, पण तो लागायच्या आधी तुमच्या कानाला कळलं होतं. मग एका पिठाच्या गिरणीवाल्यानं त्याच्या इंजिनचं तेल दिलं, ते येईपर्यंत आपण बाभळीखाली बसून आपल्याच मालातली केळी खाल्ली. अशा दुपारी पुन्हा आल्या नाहीत भाऊ. केळी पुष्कळ येतात घरात, पण ती तशी लागत नाहीत.

असो, वाहवत गेलो. तर सेन्सर. अजिंठा चौफुलीवर जाऊन नवा आणला. वस्तू किती असावी? लिंबाएवढी. एका बाजूला आटे, दुसऱ्या बाजूला एका वायरीचं टोक. त्याच्यासाठी एवढं मोठं इंजिन बदनाम. बसवायची जागा मात्र अशी की करणाऱ्याला कधी स्वतः हात घालावा लागला नसणार. तेलाच्या फिल्टरच्या मागं, वरून हात पुरत नाही, खालून डोकं पुरत नाही. इंजिन गार होऊ द्यायचं हे मला माहीत होतं, पण गार होईपर्यंत दम कोणाला? मनगटापाशी भाजलं, फोड आला. मदतीला समोरचे लीलाधरनाना आले. (भुसावळला रेल्वेत होते, इंजिनाच्या खात्यात नव्हते, तिकिटाच्या खात्यात होते, पण रेल्वेतल्या माणसाला सगळीच इंजिनं आपली वाटतात.) त्यांच्याकडे बॅटरी दिली, तर ती ते माझ्या डोळ्यांवर मारायचे, फिल्टरवर मारायचे, गल्लीतून कोण चाललंय त्याच्यावर मारायचे, पण सेन्सरवर म्हणून मारायचे नाहीत. सूचना चालूच. त्यातल्या अर्ध्या मला कळल्या नाहीत, कारण नाना हल्ली फार तोंडातल्या तोंडात बोलतात. वय झालं त्यांचं.

जुना सेन्सर पाना लावून सोडवला तर मागून काळं तेल. खाली भांडं ठेवायचं राहिलं होतं. मी ओरडलो, सूनबाई मयुरी धावत आली आणि हाताला लागलं ते पातेलं सरकवून गेली, ते नेमकं प्रमिलाचं पुरणाचं निघालं. त्यावर पुढं काय झालं ते मी लिहीत नाही. एवढंच सांगतो की त्या दिवशी मला जेवायला मयुरीनं वाढलं आणि आखाजीचं पुरण यंदा शेजारच्यांच्या पातेल्यात शिजणार आहे.

आता नवा बसवायची वेळ आली आणि इथं माझ्या हातानं घात केला. भाऊ, तुम्ही आम्ही जन्मभर ठिबकच्या नळ्या जोडत आलो. व्हॉल्व्ह असो, फिल्टर असो, नुसता नळ असो, आटे दिसले की पांढरी टेप गुंडाळायची, हे आपल्या हाताला विचारावं लागत नाही. कापसाच्या वाती वळताना बायकांचं जसं लक्ष नसतं तसं ते होतं. मी शेताच्या पिशवीतून टेपचं बंडल काढलं आणि सेन्सरच्या आट्यांवर असं झकास गुंडाळलं, असं झकास, की गळती सोडा, हवासुद्धा जाणार नाही. घट्ट बसवला, वायर खोचली, नानांच्या साक्षीनं चावी फिरवली, गाडी चालू केली. दिवा नाही! शेतापर्यंत जाऊन आलो, इंजिन चांगलं तापवलं, दारात उभी ठेवली. दिवा नाही! मी उतरलो तेव्हा छाती अशी फुगली होती की दरवाजा लावायला मागं सरकावं लागलं. पेढे आणले, गल्लीत वाटले, लीलाधरनानांनी तर हे कसं त्यांनी माझ्याकडून करून घेतलं ते मला ऐकू जाईल असं सगळ्यांना सांगितलं. भूपेंद्र दुकानातून आला, त्यालाही पेढा दिला. तो खाऊन आत गेला. मी म्हटलं, हरला बेटा.

संध्याकाळी मयुरी स्कूटर बाहेर काढत होती. जाता जाता थांबली, पिकअपमध्ये डोकावली, चावी फिरवून बघितली आणि मला काही तरी म्हणाली. (ही पोर गुणाची आहे, पण बोलते फार हळू. माहेरचं वळण.) पुन्हा विचारलं तेव्हा कळलं ते असं: तिच्या स्कूटरची चावी फिरवली की आधी सगळे दिवे लागतात आणि मग गाडी चालू झाल्यावर विझतात, पण बाबांच्या गाडीत तेलाचा दिवा चावी फिरवल्यावरही लागत नाही. मी म्हटलं, अगं, लागत नाही म्हणूनच तर पेढे वाटले. तेवढ्यात भूपेंद्र बाहेर आला आणि त्यानं समजावून सांगितलं, चांगलं मोठ्यानं, सगळ्या गल्लीला कळेल असं. त्या सेन्सरला एकच वायर असते. दुसरी वायर लागत नाही, अर्थिंग तो स्वतःच्या अंगानं, आट्यांतून, इंजिनकडून घेतो. मी टेप गुंडाळून त्याचं अर्थिंगच तोडलं होतं. दिवा विझला नव्हता भाऊ, मी त्याच्या तोंडाला पट्टी बांधली होती. दाब असो नसो, तेल असो नसो, आता तो कधीच बोलला नसता, आणि मी तशी गाडी शेतापर्यंत तापवून आणली होती. पेढे परत मागता येत नाहीत, नाही तर मागितले असते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली गेलो, टेप खरवडून काढली, आटे पुसले, नुसताच बसवला. चावी फिरवली, दिवा लागला. गाडी चालू केली, दिवा विझला. शेतापर्यंत जाऊन आलो, दारात उभी केली, आणि दिवा लुकलुकायला लागला. जुना सेन्सर जे सांगत होता तेच नवाही सांगतोय. म्हणजे आता दोनच गोष्टी. एक तर नवाही सेन्सर खराब निघाला, बाजारात काय वाटेल ते मिळतं. नाही तर दिवा खरं बोलतोय, आणि आपल्या पिकअपच्या पोटात दाब उरलेला नाही. गॅरेजमध्ये दाब मोजायचं मीटर असतं, पण गॅरेजवाला भूपेंद्रच्या वर्गातला. त्यानं तोंड उघडलं की संपलं. मग मी तुमचीच रीत केली. लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक इंजिनला, मूठ कानाला, डोळे मिटले. नाना, मयुरी, भूपेंद्र सगळे उभे. बराच वेळ ऐकलं आणि जाहीर केलं, इंजिन ठणठणीत आहे, एक वावगा आवाज नाही. भूपेंद्रनं वाद घालायला हवा होता, पण घातला नाही. माझ्याकडे बघत राहिला नि म्हणाला, बाबा, आखाजीनंतर माणूस येतोय.

भाऊ, ज्योत्स्नाची पाठवणी ह्याच गाडीतून झाली. सजवलेली मोटार मांडवाच्या दारातच बसली आणि तुम्ही मला म्हणालात, रुपचंद, आपली काढ. मागं रुखवत, पुढं मी, मध्ये नवरी, कडेला मांडीवर तांब्या घेतलेला नवरदेव, असे शिरपूरला गेलो. पोरगी सोनगीरपर्यंत इतकी रडली की मला इंजिन ऐकू येईना. मी म्हटलंही, बेटा, थोडी थांब, गाडी ऐकू दे, मग रड. ती रडता रडता हसली. अजून भेटली की तेच काढते. अशी गाडी भाजीवाल्याला द्यायची? मला नाही होत ते. सांगून टाकलं.

बाकी सर्व क्षेम. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद, आणि पत्रात काही उणंअधिक झालं असेल तर ते उन्हाच्या खात्यावर टाकावं.

आपला,
रुपचंद

ता. क. प्रमिलाला आखाजीला माहेरी आणायला दरवर्षी तुम्ही तुमच्या मुलाला पाठवता. पोरगा चांगला आहे, पण त्याच्या गाडीतल्या गार हवेनं तिचे सांधे धरतात. पूर्वी मुराळी म्हणून तुम्ही स्वतः यायचात, यंदाही स्वतःच यावं. बहिणीला बरं वाटेल. आमरस होईलच.

ता. क. दुसरा. वरचं खरं आहे, पण पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. भाऊ, तुम्ही या आणि इंजिन ऐका. स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला तेव्हा मला काहीच ऐकू आलं नाही. चांगला आवाज नाही, वाईट आवाज नाही, काहीच नाही. मुठीला नुसती थरथर लागत होती. एरवीही हल्ली असंच आहे, माणसांची तोंडं हलताना दिसतात आणि मी अंदाजानं मान हलवतो. वर नानांना आणि सूनबाईला नावं ठेवली ती मागं घेतो. पण हे घरात कोणाला माहीत नाही आणि होऊही द्यायचं नाही, नाही तर गाडी आणि चावी दोन्ही त्याच दिवशी जातील. मला फक्त कळायला हवं, ती खरंच गेली आहे का. तुम्ही ऐकून सांगितलंत की गेली, तर मी स्वतः त्या भाजीवाल्याला चावी देईन. दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावरून देववणार नाही. मला भीती वाटते भाऊ. एवढंच.

भाऊ, मी प्रमिला. पाकीट चिकटवून पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. यास्ले ऐकू येत नाही हे बठ्ठास्ले माहीत शे. भूपेंद्रला, मयुरीला, नानांना, दूधवाल्यालासुद्धा. नाना तर घसा फोडून बोलतात त्यांच्याशी. होळीच्या आधी हमरस्त्यावर एक ट्रक मागून हॉर्न वाजवत होता, यांनी ऐकलाच नाही, तो घासून गेला आणि बाजूचा आरसा घेऊन गेला. घरी सांगितलं, गोऱ्ह्यानं शिंग मारलं. भूपेंद्रनं रस्त्यावर जाऊन काचा बघितल्या, तिथल्या लोकांना विचारलं. त्यानंतरच त्यानं गाडी विकायचं काढलं. त्याला दिव्याचं काही पडलेलं नाही. मला म्हणाला, आई, बाबांना तुमचे कान गेले असं सांगण्यापेक्षा इंजिन गेलं असं सांगणं मला सोपं आहे. रडला तो. आता हे दिवा विझवायला रोज गाडीखाली जातात आणि तो दुकानाच्या दारातून बघत बसतो.

तू ये भाऊ. आणि एक सांगते, रागावू नको. वहिनीनं मला सांगितलंय की तुझंही तसंच झालंय, आणि ज्योत्स्नानं तुला कानाचं मशीन आणून दिलंय, आणि तू ते लोकांपुढं काढून सदऱ्याच्या खिशात ठेवतोस. यांना मी हे बोलले नाही. तुझ्या कानावर त्यांचा अजून देवासारखा विश्वास आहे. तर येशील तेव्हा मशीन खिशात ठेवू नको, कानात घालून ये, आणि इंजिनजवळ वाकशील तेव्हा तो कान यांच्या बाजूला कर. त्यांना नीट दिसू दे. मग इंजिन चांगलं निघो नाही तर वाईट, ते दोघं बसून ठरवा. मला नवऱ्याला काही सांगावं लागणार नाही.